कौल, तगाई आणि पावसाचे पाणी

आज निवडणुकीच्या बातम्यांत आणि कोकणातल्या देवळांतच ऐकू येणारा ‘कौल’ हा शब्द एकेकाळी दख्खनच्या महसुली दप्तरात पानोपानी येत असे. कौल म्हणजे राजसत्तेने रयतेला लिहून दिलेले अभयवचन. स्वारीच्या धामधुमीत एखादा परगणा ओसाड झाला, कुळे परागंदा झाली, विहिरी बुजल्या आणि बांध फुटले, म्हणजे गाव पुन्हा नांदते करण्यासाठी सरकार पाटील-कुळकर्ण्यांच्या हाती कौल देई. त्यात पहिली काही वर्षे सारा माफ असे, किंवा अगदी हलका धारा ठरवून तो दरसाल थोडथोडा चढवीत पूर्ण आकारापर्यंत नेला जाई. या चढत्या धाऱ्याला इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवावयाची असली, तर वाणी-उदम्यांनी येऊन दुकाने मांडावीत म्हणून त्यांनाही अशीच जकातीची आणि करांची काही सालांची माफी मिळे. ज्या कामाचे फळ आज खर्च करणाऱ्याच्या पदरात चार-दोन वर्षांनी पडावयाचे आहे, ते काम हुकमाने होत नाही, त्यासाठी सरकारने आपला हात काही काळ आखडून धरावा लागतो, हे अर्थशास्त्राचे ज्ञान त्या कारभाऱ्यांना ग्रंथांवाचून झाले होते.

पाण्याच्या बाबतीत तर हे ज्ञान विशेष उपयोगी पडले. पूर्वीच्या कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर समुद्राच्या भरतीखाली जाणारी खाजणे बांध घालून भातशेतीस आणण्याचा उद्योग फार जुना आहे. बाहेरचा बांध खारे पाणी अडवितो, शेतांतले बांध पावसाचे गोडे पाणी धरून जमिनीतला खार धुऊन काढतात, आणि जास्तीचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून समुद्रात सोडून दिले जाते; पाणी कोठे अडवावयाचे, कोठे मुरवावयाचे आणि कोठे वाट करून द्यावयाची, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर अशा एकाच रचनेत बसविलेले क्वचितच आढळते. या कामाला भांडवल लागे आणि पहिली काही वर्षे पीक मुळीच हाती येत नसे. म्हणून खाजण बांधणाऱ्यास कौलाने माफी मिळे, आणि ज्यांनी ही बांधबंदिस्ती केली त्या शिलोत्रीदारांना कुळांकडून खंडाखेरीज बांधांच्या डागडुजीसाठी ‘शिलोत्री मण’ या नावाने धान्य मिळण्याचा हक्क असे. मला या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हा मणच वाटतो. बांध घालणाऱ्याला उत्तेजन देणारी सरकारे पुष्कळ झाली. पण घातलेला बांध उद्या आणि परवाही उभा राहावा याची तजवीज ज्यांनी त्याच दस्तऐवजात केली, असे कारभारी थोडे.

देशावर प्रश्न विहिरींचा होता. पेशवाईच्या महसुली भाषेत जिराईत आणि बागाईत हा भेद तर होताच, शिवाय बागाईतातही पाटाच्या पाण्याचे ते पाटस्थळ आणि मोटेच्या पाण्याचे ते मोटस्थळ असे पोटभेद होते. मोटस्थळ म्हणजे खडक फोडून काढलेली विहीर, तिच्यावरची धाव, थारोळे, मोट, नाडा आणि बैलांच्या जोड्या, एवढा संसार ज्याने उभा केला त्याची जमीन. बागाईतास धारा अधिक, हे सरकारच्या दृष्टीने स्वाभाविक होते. परंतु त्यामुळे कुणब्याच्या मनात असा हिशेब उभा राही की, विहीर मी माझ्या पैशाने खोदावी आणि पाणी लागताच सरकारने माझाच सारा वाढवावा, तर खोदावी कशासाठी? इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगलसाहेबाने निव्वळ उत्पन्नाच्या शास्त्रीय सूत्रावरून पुणे जिल्ह्यात आकारणी केली, तिने तर कित्येक गावांतल्या कुळांना घर सोडून जावे लागले. अखेर १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी हलक्या दराची नवी जमाबंदी सुरू केली आणि तिची मुदत तीस वर्षांची ठरविली. या मुदतीत शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेवर सारा चढणार नाही, हे त्या पद्धतीचे मुख्य वचन होते. तीस वर्षे म्हणजे मनुष्याचे निम्मे कर्ते आयुष्य. बाप विहीर खोदील आणि मुलगा तिच्यावर ऊस, गहू किंवा भाजीपाला काढील, इतका अवकाश त्या वचनाने दिला. इंग्रजांच्या जमाबंदीविषयी कितीही कठोर बोलावे, आणि बोलण्यास जागा पुष्कळ आहे, तरी हा कौलच होता असे मी म्हणेन.

पुढे १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा झाला आणि १८८६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन खासगी भांडवलाने केलेल्या सुधारणेवर फेरजमाबंदीतही आकार वाढवू नये, हे तत्त्व अधिक स्पष्ट शब्दांत घातले गेले. मात्र त्याच्याच शेजारी एक अपवाद बसविण्यात आला: जमिनीत मूळचाच एखादा नैसर्गिक लाभ असेल आणि शेतकऱ्याने केवळ तो वापरात आणण्याचे साधन निर्माण केले असेल, तर त्या लाभाची किंमत आकारात धरता येईल. विहिरीतले पाणी हा भूगर्भाचा नैसर्गिक लाभ की खोदणाऱ्याच्या घामाचे फळ, हा वाद त्या चार शब्दांतून उत्पन्न होतो. एका हाताने दिलेले अभय दुसऱ्या हाताने संदिग्ध करावयाचे, ही खोड महसुली कायद्याला जुनीच आहे, आणि दहा वर्षांच्या हिशेबाने पैसा गुंतविणाऱ्याला संदिग्धतेइतके भय प्रत्यक्ष कराचेही वाटत नाही.

माफीच्या जोडीला दुसरे साधन तगाईचे. बैल, बी-बियाणे आणि विहीर यांसाठी सरकारने कर्ज देण्याची ही प्रथा मुसलमानी आणि मराठी राज्यांत होतीच. इंग्रजांनी १८७१ च्या आणि नंतर १८८३ च्या जमीन सुधारणा कर्जाच्या कायद्यांनी तिला कलमांत बसविले. त्या दोन कायद्यांच्या मधल्या काळात, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या खतपत्रांची होळी झाली, हे विसरून चालणार नाही. सावकारापेक्षा सरकारचे व्याज हलके असूनही गरजू शेतकरी बहुधा सावकाराच्याच ओट्यावर बसे, कारण तगाईला अर्ज, तारण, पंचनामा आणि कचेरीच्या खेपा लागत, आणि वसुलीचा हप्ता मात्र पीक बुडाले तरी ठरल्या तारखेस उभा राही. हलक्या व्याजाची योजना कागदावर कितीही उदार असो, ती कचेरीच्या पायरीवर थकून जाते, हा अनुभव त्या काळापासून पदरी आहे.

१८८३ मध्ये पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा जोतीराव फुले यांनी या प्रश्नाला जो हात घातला, तो आजच्या योजनाकारांनीही बारकाईने पाहावा असा आहे. पावसाचे पाणी शेताशेतांत मुरून मग ओढ्या-नाल्यांस मिळावे, अशा बेताने ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घालावेत, आणि त्या कामी रिकाम्या पलटणी आणि पोलीस लावावेत, असे त्यांनी सुचविले. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती त्यांची दुसरी सूचना: पाणाड्यांकडून साऱ्या जमिनींची पाहणी करवून, दोन मोटांहून अधिक पाण्याचे झरे जेथे सापडतील त्या जागा गावोगावच्या नकाशांत नमूद कराव्यात, आणि सरकारी मदतीवाचून विहिरी-पाट बांधून काढणारास लहानमोठी बक्षिसे देण्याची वहिवाट घालावी. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यवहारी गृहस्थ होते. कर्जापेक्षा बक्षिसाने माणूस हलतो आणि बक्षिसाच्या आधी माहिती लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांची ती सूचना त्या सरकारने मनावर घेतली असती, तर इथल्या अवर्षणप्रवण तालुक्यांचा इतिहास कदाचित निराळा लिहावा लागला असता.

१९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीस सरकारी आधार आला. पण उत्तेजनाचा खरा नवा नमुना घडला तो १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात, आणि तो घडविणारे विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार होते. देवस्थानची चाळीस एकर उजाड माळजमीन त्यांनी खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, पायथ्याशी तळे आणि विहीर केली, आणि मग ‘पाणी पंचायत’ या नावाने आसपासच्या गावांत योजना उभारल्या. खर्चाची वाटणी अशी की वीस टक्के शेतकऱ्यांनी घालावेत, पन्नास टक्के सरकारी अनुदान यावे आणि उरलेले तीस टक्के संस्थेने बिनव्याजी द्यावेत. पाण्याची वाटणी जमिनीवर न ठेवता माणशी अर्धा एकर अशी, आणि ऊस वर्ज्य. पदरचे वीस टक्के घातलेला मनुष्य पाइप फुटला तर रात्री उठून पाहतो. शिलोत्री मणाचे तत्त्व येथे वेगळ्या रूपाने पुन्हा भेटते.

आता प्रश्न शहरांचा आहे. मुंबईत २००२ मध्ये एक हजार चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींस पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला. पुण्याच्या महानगरपालिकेने सक्तीबरोबर सवलतही ठेवली, आणि अशी सोय करणाऱ्यास सामान्य करात पाच टक्के, तर तिच्या जोडीला सौर ऊर्जेची किंवा गांडूळखताची सोय असल्यास दहा टक्के सूट दिली. जर्मनीतील नगरपालिका तर सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क वेगळे आकारतात. ज्या कारखान्याचे छप्पर आणि फरसबंद अंगण मोठे, त्याला शुल्क अधिक, आणि ज्याने ते पाणी आपल्याच आवारात मुरविले त्याला ते कमी. आपल्याकडे सात-आठशे मिलिमीटर पावसाच्या पुण्यासारख्या गावी हजार चौरस मीटरच्या एका गोदामाच्या छपरावर वर्षाला सात लाख लिटरांहून अधिक पाणी पडते, आणि ते बहुतेक गटारातून नदीत जाऊन खालच्या वस्तीत पूर आणते. शोषखड्डा एकदा खोदून भागत नाही. दर वर्षी त्यातला गाळ काढला नाही, वाळू-खडीचा थर धुतला नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो बुजतो. सूट मात्र बहुधा खड्डा खोदल्याची मिळते, तो जिवंत ठेवल्याची मिळत नाही, आणि ती पुढच्या अंदाजपत्रकात टिकेल की नाही याची खात्री कारखानदाराला कोणी लेखी देत नाही.

म्हणून महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या सभासदांना आणि औद्योगिक वसाहतींच्या चालकांना माझी विनंती आहे की, त्यांनी ही सूट दरसालच्या ठरावावर न ठेवता विंगेटच्या जमाबंदीप्रमाणे तीस वर्षांच्या मुदतीची करून द्यावी, दर वर्षी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शोषखड्ड्याची पाहणी करूनच ती चालू ठेवावी, आणि त्या कागदाच्या माथ्यावर दुसरे कोणतेही नाव न घालता ‘कौल’ एवढाच शब्द लिहावा.