मार्कडाउन नोट्समध्ये कोड कसा चालवतात? फायदा काय आणि धोका कोणता?

प्रोग्रामिंग शिकणारे अनेक जण आपल्या नोट्स मार्कडाउनमध्ये लिहितात. साध्या मजकुरात ठरावीक खुणा वापरून मथळे, याद्या, ठळक अक्षरे दाखवण्याची ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणली. गिटहबवरच्या बहुतेक प्रकल्पांची ओळख करून देणारी 'रीडमी' फाईल याच पद्धतीने लिहिलेली असते. मार्कडाउनमध्ये कोडही लिहिता येतो, पण तो फक्त दिसतो, चालत नाही. एडिटरमध्ये योग्य एक्स्टेन्शन असेल, तर तोच कोड जागच्या जागी चालवता येतो.

याची गरज काय?

समजा, तुमच्या नोट्समध्ये चक्रवाढ व्याजाचा कोड आहे: १ लाख रुपये, दर वर्षाला ८ टक्के, मुदत ५ वर्षे. त्याखाली तुम्ही उत्तर लिहिलेत, सुमारे १,४६,९३३ रुपये. पुढे कोडमधला दर ७ टक्के केलात, पण खालचा आकडा बदलायचा राहून गेला. खरे उत्तर आता सुमारे १,४०,२५५ रुपये आहे आणि तुमच्या नोट्स चुकीची माहिती देत आहेत. कोड तिथेच चालत असेल, तर तो पुन्हा चालवताच नवे उत्तर समोर येते.

हा विचार जुना आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये 'लिटरेट प्रोग्रामिंग' ही कल्पना मांडली. प्रोग्राम माणसाला वाचता येईल अशा लेखासारखा लिहावा, हे तिचे सार. आजची ज्युपिटर नोटबुकही याच वाटेने जाते.

कोड कसा चालवायचा?

व्हीएस कोड या एडिटरसाठी 'मार्कडाउन प्रिव्ह्यू एनहान्स्ड' हे मोफत एक्स्टेन्शन आहे.

१. व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शन विभागातून ते इन्स्टॉल करा.
२. पायथॉनचा कोड चालवायचा असेल, तर संगणकावर पायथॉन आधीपासून असायला हवे. एक्स्टेन्शनसोबत ते येत नाही.
३. सेटिंग्जमध्ये या एक्स्टेन्शनचा स्क्रिप्ट चालवू देण्याचा पर्याय सुरू करा. तो मुळात बंद असतो.
४. फाईलमध्ये तीन बॅकटिक द्या, पुढे भाषेचे नाव लिहा आणि महिरपी कंसात 'सीएमडी' बरोबर 'ट्रू' अशी सूचना द्या. हे शब्द अर्थातच रोमन लिपीत लिहायचे. खालच्या ओळींत कोड लिहा आणि शेवटी पुन्हा तीन बॅकटिक द्या.
५. प्रिव्ह्यू उघडा, कर्सर कोडवर ठेवा आणि शिफ्ट-एंटर दाबा. उत्तर प्रिव्ह्यूमध्ये कोडच्या खाली दिसेल.

नवखे कुठे अडतात?

पहिल्या तुकड्यात ठरवलेला व्हेरिएबल दुसऱ्या तुकड्यात वापरला की एरर येते. ज्युपिटरमध्ये असे होत नाही, कारण तिथे आधीच्या किमती लक्षात ठेवल्या जातात. इथे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे चालतो. मागचा कोड जोडून घ्यायचा असेल, तर कंसात 'कंटिन्यू' ही सूचना द्यावी लागते.

धोका कोणता?

स्क्रिप्टचा पर्याय मुळात बंद ठेवलेला असतो, त्याला कारण आहे. तो सुरू केला की मार्कडाउन फाईल ही नुसती वाचायची गोष्ट राहत नाही, तिच्यातला कोड प्रोग्रामसारखा चालतो. संगणकावर जे तुम्हाला करता येते, ते त्या कोडलाही करता येते: फाईल पुसणे, साठवलेले पासवर्ड वाचणे, माहिती इंटरनेटवरून बाहेर पाठवणे. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या 'तयार नोट्स' म्हणूनच जपून हाताळाव्यात.

व्हीएस कोडमध्ये २०२१ पासून 'वर्कस्पेस ट्रस्ट' ही सोय आहे. नवे फोल्डर उघडताना त्याच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का, असे एडिटर विचारतो. घाईत 'हो' म्हणू नका. दुसऱ्याची फाईल आधी साध्या मजकुरात वाचा, कोडची प्रत्येक ओळ समजली तरच चालवा. काम संपल्यावर स्क्रिप्टचा पर्याय पुन्हा बंद करा.

स्वतःच्या अभ्यासाच्या नोट्स, छोटी गणिते, आलेख यांसाठी ही सोय उत्तम आहे. अनोळखी माणसाच्या फाईलसाठी मात्र एकच नियम पाळा: जो प्रोग्राम तुम्ही इन्स्टॉल केला नसता, तो नोट्समधूनही चालवू नका.