न्हाणीघराची बखर

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या, अशी आपल्या मनाची सवय होऊन बसली आहे. त्यामुळे आमचा आजचा विषय ऐकून काही मंडळींना हसू येईल. घरातील जुनी न्हाणी मोडून नवी बांधावयाची झाल्यास फरशी कोणती घ्यावी, नळ कोणते घ्यावेत आणि संडासाचे भांडे कोणते बसवावे, हा तो विषय. गेल्या हिवाळ्यात आमच्याच घरी हा प्रसंग आला. दुकानदाराने टेबलावर फरश्यांचे तुकडे मांडले, घरातील तीन पिढ्या भोवती बसल्या आणि पहिल्या दिवशी काहीएक ठरले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, हा वाद रंगाचा दिसत असला तरी त्याच्या मुळाशी दोन जुने प्रश्न आहेत. पाणी कोठून येते, हा एक. आणि घाण कोण काढतो, हा दुसरा. या दोन प्रश्नांची आपल्या मुलखाने वेळोवेळी जी उत्तरे दिली, त्यांचा मागोवा घ्यावा असा आमचा हेतू आहे.

नगरच्या जुन्या वाड्यांतील न्हाणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. पण हल्लीच्या मुलांनी ती पाहिलेली नसते. माजघरापलीकडे अंधारी खोली. खाली काळ्या पाषाणाचे ठोकळे, टाकीचे घाव जाणूनबुजून ठेवलेले, म्हणजे पाय घसरू नये. कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी पितळी घंगाळ, पाण्याचा रांजण आणि पाय घासावयास वज्री. मोरीतून निघालेले पाणी भिंतीच्या भोकातून परसात जाई आणि तेथे अळू व केळी माजत. पाणी आडावरून शेंदून आणावयाचे असल्यामुळे घंगाळभर पाण्यात स्नान उरकावयाचे, हा दंडक कोणी लिहून ठेवलेला नव्हता. पाणी शेंदणाऱ्या बाईच्या खांद्याला तो ठाऊक होता.

या खोलीतील शब्दांकडे पाहिले तरी मौज वाटते. हौद आणि हमाम अरबीतून आले, फरशीचे मूळही तेथलेच, बादली पोर्तुगिजांनी दिली आणि नळ आमचा संस्कृतातला. याची फेड आपणही केली आहे. जमिनीतील ज्या जाळीच्या कुंडीतून स्नानाचे पाणी गटारात जाते, तिला आपल्या देशातील इंजिनियर इंग्रजीत बोलतानासुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. सरकारी दरपत्रकांतही हा शब्द रूढ आहे. आमच्या नळवाल्यानेही तोच उच्चारला, तेव्हा आम्हास उगाच बरे वाटले.

आता पाण्याकडे वळू. अहमदनगर शहर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, मलिक अहमद निजामशहाने १४९० नंतर वसविले. येथील पाऊस बेताचा आणि मोठी नदी जवळ नाही, म्हणून निजामशाही सरदारांनी कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा बाजूंनी भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून शहरात पाणी आणले. चुन्याच्या बांधकामात बसविलेले हे नळ केवळ उताराच्या बळावर वाहत. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग तर तळ्याच्या मध्यावर उभा आहे. दुष्काळी मुलखात राजाने पाण्यात महाल बांधावा, यात कलाही आहे आणि मिजासही आहे. पुढे मलिक अंबराने खडकीस, म्हणजे औरंगाबादेस, नहर खेळविली आणि नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास पाणी आणले. मात्र या सर्व योजनांत पाणी हौदापर्यंत येई. हौदापासून घंगाळापर्यंतचा प्रवास घागरीनेच होई, आणि ती घागर कोणाच्या हौदात बुडवावयाची आणि कोणी बुडवावयाची नाही, हे जात ठरवी.

गडांवरचा विचार याहून कठोर, कारण तेथे पाणी संपले की गड गेला. रायगडावर राणीवशाच्या वाड्यांना लागून शौचकूप दिसतात, ते पाहावयास लोक आवर्जून थांबतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील केर खाली न टाकता जाळावा व ती राख घालून परसात भाजीपाला करावा, असा उपदेश आहे. घाण कोठे जावी याचा विचार राज्यकर्त्याने करावयाचा असतो, ही समज अठराव्या शतकाच्या आरंभी येथे होती.

फरशीची कथा अधिक रंगीत आहे. मुंबईत १८७२ मध्ये उघडलेल्या आणि आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात इंग्लंडातील मिंटन कारखान्याच्या फरश्या बसविल्या गेल्या. असल्या फरश्या श्रीमंतांच्या बंगल्यांत येऊ लागल्या आणि विलायती फरशी हे ऐश्वर्याचे लक्षण झाले. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट तयार होऊ लागले. १९२२ मध्ये फिरोजशा व रुस्तुम सिधवा या चुलत्यापुतण्यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला, तो स्वदेशीच्या प्रेरणेने. ही फरशी भट्टीत भाजीत नाहीत. साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटचा पातळ लगदा ओतावयाचा, वर कोरडे सिमेंट घालून यंत्राने दाबावयाचे आणि मग कित्येक दिवस पाण्यात मुरवावयाचे. वेलबुट्टीची जी फरशी आपल्या आजोळच्या घरी पाहिल्याचे पुष्कळांस आठवत असेल, ती याच जातीची.

सामान्य माणसाच्या न्हाणीत मात्र रंग आला नाही, शहाबादी आली. कलबुर्गीकडील हा चुनखडीचा दगड रेल्वेने सगळीकडे पोहोचला. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये नगरवरून गेल्यावर दूरचा दगडही येथे सहज मिळू लागला आणि टाकीचे घाव सोसणारा गावचा काळा पाषाण मागे पडला. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्यामुळे त्यांवर अॅसिड ओतले की ते फसफसते आणि दगडाचे तेज जाते. काळ्या पाषाणास त्याची फारशी पर्वा नसते. दुकानदार हे सांगत नाही. गवंडी सांगतो, पण बहुधा फरशी बसवून झाल्यावर.

चकाकणारी चिनी मातीची फरशी आज बहुतेक मोरबीहून येते. पण त्या उद्योगाच्या पायाभरणीत एका मराठी माणसाचा हात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. परशुराम गणपुले या गृहस्थांनी सौराष्ट्रात परशुराम पॉटरी वर्क्स हा कारखाना उभा केला आणि चिनी मातीच्या धंद्यास तेथे मूळ धरू दिले. सौराष्ट्रात जाऊन मातीचे सोने करणाऱ्या या माणसाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हरकत नव्हती.

इथवरचा इतिहास सांगताना आम्हास संकोच वाटला नाही. पुढचा सांगताना वाटतो. वाड्याच्या परसात अगदी टोकाला टोपलीचा संडास असे आणि त्याची मागची झडप गल्लीत उघडे. रोज सकाळी त्या झडपेतून टोपली ओढून मैला डोक्यावरून वाहून नेणारी एक बाई येई. आमच्या लहानपणी आम्ही तिला कित्येक वर्षे पाहिले. तिचे नाव आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. सणाला तिला वरून भाकरी टाकीत, आणि तसे टाकण्यात काही वावगे आहे असे आमच्या सुशिक्षित वडिलांनासुद्धा वाटले नाही. न्हाणीत सोवळे सांभाळणाऱ्या घराचे सारे सोवळे त्या मागच्या झडपेवर उभे होते.

याविरुद्ध उठलेली माणसेही याच मातीतली. नगर जिल्ह्यातील पारनेरचे सेनापती बापट रोज हाती झाडू घेऊन गावसफाई करीत. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपणास मिळावे म्हणून उपवास आरंभिला. वरच्या जातीच्या कैद्यास ते काम देण्यास तुरुंगाचे नियम आड येत होते. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न वर्ज्य केले. काम टाळण्यासाठी उपवास करणारे कैदी पुष्कळ असतील, काम मिळावे म्हणून करणारा विरळा. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करणारा संडास सिद्ध केला, तो गोपुरी संडास म्हणून ओळखला गेला. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा मध्यवर्ती कायदा १९९३ मध्ये झाला आणि तो पुरेसा न ठरल्याने २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. बर्वे समिती आणि पहिला कायदा यांत चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात आम्ही शाळकरी मुलाचे आजोबा झालो.

मैला वाहणाऱ्या माणसाची सुटका कायद्यापेक्षा एका वाकड्या नळीने अधिक केली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग याने नळीला बाक देऊन त्यात थोडे पाणी कायम साठून राहील अशी युक्ती काढली. त्या पाण्यामुळे गटाराचा वास घरात येत नाही आणि संडास परसाच्या टोकावरून घरात येऊ शकतो. पण ही सुधारणा पावसाळी देशातली. जुन्या तीन गॅलनांच्या लोखंडी टाकीतून साखळी ओढताच सुमारे साडेतेरा लिटर पाणी जाते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी चार वेळा साखळी ओढली, तर दिवसाला २७० लिटर आणि वर्षाला साडेअठ्ठ्याण्णव हजार लिटर झाले. आता नगर तालुक्यात वर्षाला ४०० मिलीमीटर पाऊस पडला असे धरा. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात चाळीस हजार लिटर पाणी पडले. आपल्या डोक्यावर पडणारा सगळा पाऊस साठविला तरी तो साखळीस सहा महिनेसुद्धा पुरत नाही!

हा हिशेब आम्ही उगाच मांडला नाही. तो मांडावयास आम्हास नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारने शिकविले. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचले. माणसे पोटासाठी बाहेर पडली, दारूच्या भट्ट्या आल्या. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर चर खणले, पाणी अडविले, झाडे राखली, हे सर्वांस माहीत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. तेथे पाऊस मोजतात आणि ग्रामसभा त्याचा अंदाजपत्रकासारखा ताळेबंद मांडते. पहिला वाटा पिण्याचा, घरवापराचा आणि गुराढोरांचा. उरले तर पिकाचा. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्या जोडीला त्या गावाच्या सूत्रांत लोटाबंदीही आहे. लोटा घेऊन शिवारात जावयाचे नाही, म्हणजे घरोघर संडास बांधावयाचा. आणि तो बांधावयाचा तर त्याचे पाणी त्याच ताळेबंदातून काढावयाचे. न्हाणीतले भांडे हा येथे घराचा खाजगी मामला राहत नाही, तो ग्रामसभेच्या वहीत जातो. फराहबागच्या तळ्यापेक्षा ही वही आम्हास अधिक राजेशाही वाटते.

अशा मुलखासाठी योग्य भांडे आपल्याकडे तयार झालेले आहे. ग्रामीण संडासाच्या भांड्याचा उतार अधिक तीव्र असतो आणि बाकातील पाणी केवळ बोटभर उंचीचे, त्यामुळे दीड ते दोन लिटरांत काम भागते. खाली दोन शोषखड्डे. एक भरला की दुसरा चालू करावयाचा आणि पहिल्यातील मैल्याचे वर्षा-दोन वर्षांत निरुपद्रवी खत होते. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० पासून सुलभच्या द्वारे याचा देशभर प्रसार केला. वर केलेला हिशेब या भांड्याने मांडला तर वर्षाला साडेचौदा हजार लिटर होतात. मग छपरावरच्या पावसातून पंचवीस हजार लिटर शिल्लक राहतात.

शहराला माणशी १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे आणि २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यास ५५. शहरी माणसाच्या अंगाला अधिक मळ लागतो असे नव्हे. फरक पडतो तो मुख्यत्वे साखळीमुळे, आणि वरून पडणाऱ्या फवाऱ्यामुळे. मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिले की शंभर लिटर गेले. एका बादलीत वीस लिटरांहून अधिक मावत नाही.

आमच्या घरी अखेर काय झाले, हे विचारल्यावाचून श्रोते आम्हास सोडणार नाहीत. नातवाचा आग्रह फवाऱ्यासाठी होता. तो मिळाला, पण बारीक धारेचा, आणि खाली बादली ठेवण्याच्या अटीवर. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आम्हास खुर्चीसारखे भांडे घेणे भाग पडले, तेव्हा दोन कळांची टाकी घेतली. एका कळीने सहा लिटर पाणी जाते, दुसरीने तीन. हिवऱ्याच्या हिशेबात आम्ही नापासच आहोत, पण साखळीच्या मानाने बरे. स्नानाचे पाणी गटारात न सोडता वेगळ्या नळाने परसातील अळवाकडे नेले. नळवाल्याने यासाठी निराळी मजुरी मागितली आणि आम्ही ती घासाघीस न करता दिली. जमिनीस चकचकीत फरशी आणावयाची नाही, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांनी एकमुखाने ठरविले. जुन्या न्हाणीतले टाकीचे घाव त्यांच्या पायांना अजून आठवतात. खरबरीत फरशी घ्यावयाची, येथवर एकमत आहे. तिचा रंग मात्र अद्याप ठरलेला नाही.