मीरा-भाईंदर : दुअमलाचा इतिहास

साष्टी बेटाच्या उत्तर टोकावर, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठाला वसलेले ठाणे जिल्ह्यातील शहर. लोकसंख्या ८,०९,३७८ (२०११). खाडीकाठच्या गावांची मिळून १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे ही किनाऱ्याकडची गावे पुढे तिला जोडली गेली. महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. बाहेरच्यांना हे लोकलच्या गर्दीचे नवे उपनगर वाटते. पण पश्चिमेकडच्या कोळी-आगरी आणि ख्रिस्ती वस्त्या शहरापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. एकाच भूमीवर दोन परक्या सत्तांचा एकाच वेळी अंमल कसा चालतो, हे त्यांच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके महाराष्ट्रात क्वचितच दिसते.

२३ डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढील दोन शतकांत किनाऱ्यावर चर्च उभी राहिली, घोडबंदरला किल्ला झाला. चौक गावाजवळची धारावीची टेकडी पाहिल्यावर या भागाचे लष्करी मोल चटकन ध्यानात येते. टेकडीवरून खाडीचे मुख थेट नजरेखाली राहते आणि पलीकडच्या काठावर वसईचा किल्ला समोरच दिसतो. वसईला समुद्रातून मदत पोहोचू द्यायची नसेल, तर धारावी हाती असलीच पाहिजे. मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या मोहिमेत (१७३७–३९) या टेकडीसाठी झुंजी झाल्या त्या म्हणूनच. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज राज्य संपले. युरोपीय पाद्री निघून गेले आणि त्यांच्या जागी गोव्याचे देशी पाद्री आले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. साष्टी त्यांच्याकडेच राहील, हे १७८२ च्या सालबाईच्या तहाने कायम झाले.

निशाण दोनदा बदलले, तरी चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडेच राहिला. रोमने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चच्या नेमणुकांचा हक्क दिला होता. त्या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणतात. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी प्रोपागांडा हे स्वतःचे खाते काढले. शेजारच्या मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना घालवून प्रोपागांडाच्या पक्षाचे इटालियन कार्मेलाइट आणले. तिथली भांडणे मिटेनात म्हणून १७९४ मध्ये चर्चची सरळ वाटणीच झाली : काही गोव्याकडे, काही प्रोपागांडाकडे. १८३८ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने पाद्रोआदोच्या हक्कांना कात्री लावल्यावर तेढ आणखी वाढली. वांद्र्यात सेंट अँड्र्यू चर्च एका पक्षाचे, तर सेंट पीटर दुसऱ्याचे. १८८६ च्या करारानंतर साष्टीतील पाद्रोआदोची चर्च दमणच्या नव्या बिशपकडे गेली. सारा इंग्रज सरकारला भरायचा आणि बारशापासून मातीपर्यंतच्या विधींसाठी पोर्तुगालच्या हक्काने नेमलेल्या पाद्र्यापुढे उभे राहायचे, अशी इथल्या ख्रिस्ती कुटुंबांची रीत पडली.

पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज बेटांशी (आजचे वानुआतू) याची तुलना करण्याजोगी आहे. १९०६ च्या करारान्वये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ती बेटे संयुक्त अमलाखाली घेतली. दोन रेसिडेंट कमिशनर, दोन पोलीस दले, दोन कायदे. संयुक्त न्यायालयाचा अध्यक्ष मात्र स्पेनच्या राजाने नेमायचा. बेटवासीयांना दोहोंपैकी कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. ही स्थिती १९८० मधील स्वातंत्र्यापर्यंत टिकली. तो दुअमल कराराने आला. साष्टीतला मात्र लढाया आणि तह यांच्या गाळातून साचत गेला, आणि त्याला राज्यकारभार असे नावही कधी मिळाले नाही. रयतेला विचारले गेले नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

याची किंमत लोकांनी ओळखीच्या रूपाने मोजली. घरात मराठी बोली, अंगावर लुगडे, आडनाव पोर्तुगीज आणि सरकारी कागदांत शिक्का ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्यांवरही हाच शिक्का असल्याने स्थानिकांचा वेगळेपणा बुजू लागला. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. एका परकीय सत्तेची छाप पुसण्यासाठी दुसऱ्या परकीय सत्तेच्या ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घ्यावे लागावे, ही या इतिहासातील सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

१९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्या कराराने दमणचे वेगळे पीठ बंद होऊन साष्टी मुंबईच्या आर्चबिशपकडे आली. त्यातही अट अशी की, मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. त्याप्रमाणे आधी जोआकिम लिमा आणि १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले. भारत स्वतंत्र झाल्यावरही अट कागदावर जिवंत होती; पोर्तुगालने १९५० मध्ये ती सोडली आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस पहिले भारतीय आर्चबिशप झाले. ते कराचीत जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातील. साष्टीचाच भूमिपुत्र या पीठावर बसायला १९७८ उजाडावे लागले : मरोळचे सायमन पिमेंटा.