७. पोर्थगेन

वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव. एकोणिसाव्या शतकात इथून पाटीचा दगड जहाजांनी बाहेर जाई. शेजारच्या अबेरेड्डीला बंदर नसल्याने तिथला मालही ट्रामरुळांवरून इथेच येई. पुढे खाणीतल्या टाकाऊ दगडाच्या विटा पाडल्या गेल्या, आणि शेवटी रस्त्यांसाठी डोलेराइट दगडाची खडी.

बंदराजवळचे विटांचे बुरूज म्हणजे किल्ला नव्हे. ती खडीची कोठारं. दगड भरडून, आकारानुसार निवडून वरून कोठारात सोडायचा; तिथून घसरणीने तो धक्क्याला लागलेल्या जहाजात उतरे.

हे काम १९३१ मध्ये थांबलं. कोठारं मात्र बंदराला लागून अजून उभी आहेत. १९८०च्या दशकात रहिवाशांनी आपली घरं त्यांची मालकी असलेल्या कंपनीकडून विकत घेतली.