वनजिल्ह्यांतील जीप : दुरुस्तीतून टिकलेले वाहन

जुन्या मोटारगाड्यांच्या पुनरुज्जीवनाविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा मुंबई-पुण्याच्या आणि संस्थानिकांच्या गाड्यांभोवती फिरते. एखादी गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते, वर्षातून एकदा ती मिरवणुकीत निघते आणि कारखान्यातून बाहेर पडताना जशी होती तशीच ती दिसावी, हा तिच्या मालकाचा ध्यास असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत जुन्या वाहनाची परंपरा घडली ती निराळ्या गरजेतून. येथे पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिलेले वाहन म्हणजे जीप, आणि ती टिकली याचे कारण तिला विसावा मिळाला नाही हेच आहे. मूळचे किती भाग तिच्यात शिल्लक आहेत, यापेक्षा उद्या सकाळी ती नाला ओलांडील की नाही हा प्रश्न येथे नेहमी मोठा राहिला. त्यामुळे या भागातील जीपचा इतिहास हा मुख्यतः तिच्या दुरुस्तीचा इतिहास आहे.

पूर्वीचा चांदा जिल्हा हा मध्य प्रांताचा भाग होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा वेगळा काढण्यात आला. गडचिरोलीचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनांखाली आहे आणि दीर्घकाळ त्या जिल्ह्याला रेल्वेचा स्पर्श झाला तो उत्तर टोकाच्या वडसा-देसाईगंज येथेच. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले पावसाळ्यात मुलूख कापून टाकतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आजही जवळपास दरवर्षी येते. नाल्यावर उंच पूल बांधणे परवडत नसे तेथे रपटा बांधीत. रपटा म्हणजे नाल्याच्या तळालगत घातलेला दगडी किंवा सिमेंटचा सखल बांध, ज्यावरून उन्हाळ्यात गाडी जाते आणि पावसाळ्यात पाणी. याखेरीज कुपांचे रस्ते होते. कूप म्हणजे वनविभागाच्या कार्ययोजनेनुसार एका वर्षी तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. आलापल्लीच्या जंगलातला साग अशा कुपांतून निघून बल्लारशाच्या लाकूड-आगारात लिलावासाठी येत असे, आणि कुपात जाणारा रस्ता तोडीपुरताच राखला जाई. बैलगाडी, ओंडके ओढणारे हत्ती आणि मालमोटारी यांनी लाकडाची वाहतूक सांभाळली. परंतु अधिकारी, डॉक्टर, मोजणीदार आणि ठेकेदार यांना त्याच वाटांनी नेणारे हलके वाहन दुसऱ्या महायुद्धापूर्वी उपलब्धच नव्हते.

ते वाहन युद्धाने दिले. अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांत अवघे ८० इंचांचे अंतर, चार सिलिंडरांचे ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि गरज पडेल तेव्हा चारही चाकांना ताकद पुरवणारी योजना, ही तिची मुख्य वैशिष्ट्ये होती. गिअरबॉक्सला जोडलेली दुसरी एक पेटी, जिला ट्रान्स्फर केस म्हणतात, इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांकडे वाटून देते. चिखलात मागची चाके घसरू लागली की पुढची चाके गाडी ओढून काढतात, ते या पेटीमुळे. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेली लष्करी वाहने विक्रीला निघाली आणि ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्दप्रयोग बाजारात रूढ झाला. याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, लुधियाना येथे महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले आणि मुंबईत विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू होऊन पुढे त्यांचे भाग येथेच बनू लागले.

दुरुस्त केलेल्या जीपविषयीचा पहिला मोठा धडाही याच काळातला आहे. १९४८ मध्ये काश्मीरमधील युद्धासाठी लंडनमार्फत, जुन्या पण दुरुस्त केलेल्या म्हणून, जीपगाड्यांची खरेदी ठरली; १५५ गाड्या भारतात पोहोचल्या त्या वापरण्यायोग्य नसल्याचे आढळले आणि हे प्रकरण संसदेत अनेक वर्षे गाजत राहिले. दुरुस्त झालेली म्हणून विकलेली गाडी आणि खरोखर दुरुस्त झालेली गाडी यांतले अंतर किती असू शकते, याचे इतके ठळक उदाहरण भारतीय मोटारीच्या इतिहासात दुसरे नसावे.

जंगलभागात जीप स्थिरावली ती शासनाच्या हाताने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास योजनेत प्रत्येक विकास गटासाठी जीपची तरतूद होती, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप ही खेड्याला दिसणारी सरकारची सर्वांत ओळखीची खूण झाली. वनविभाग, हिवताप निर्मूलन, पोलीस, सार्वजनिक बांधकाम, निवडणुकीच्या काळात मतपेट्या घेऊन निघालेली पथके, सर्वांचे वाहन एकच होते. या इतिहासाची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. उघड्या जीपमधून रात्री प्रखर दिव्याचा झोत टाकून प्राण्याचे डोळे दिपवायचे आणि जागीच गोळी घालायची, ही शिकारीची रीत देशभरच्या जंगलांत फैलावली. पायी किंवा मचाणावरून होणाऱ्या शिकारीला जी मर्यादा आपोआप पडत असे ती या वाहनाने मोडून काढली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला वाहनातून शिकार करण्यावर बंदी घालावी लागली. ज्या ताडोबाला १९५५ मध्येच राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता, तेथे पुढे पर्यटकांना वाघ दाखवण्यासाठी पुन्हा उघडीच गाडी आली. १९८५ च्या अखेरीस बाजारात आलेल्या मारुती जिप्सीने ते काम हाती घेतले. नागरी ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबल्यामुळे आता तिलाही जीपच्याच वाटेने, म्हणजे दुरुस्तीच्या बळावर, जगावे लागत आहे.

सरकारी जीपचे दुसरे आयुष्य निर्लेखनानंतर सुरू होते. निर्लेखन म्हणजे वाहन सरकारी कामास निरुपयोगी ठरवून दप्तरातून कमी करणे. त्यानंतर लिलाव होतो आणि गाडी खासगी मालकाच्या हाती जाते. दोन मोडक्या गाड्यांतून एक धावती गाडी उभी करणे हा या व्यवसायाचा पाया होता, आणि ते शक्य झाले याचे श्रेय जीपच्या रचनेतील सातत्याला द्यावे लागते. विलीज जीपचा सीजे-थ्री-बी हा नमुना अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढाच काळ निघाला, पण त्याच घडणीच्या गाड्या भारतात त्यानंतरही अनेक दशके बनत राहिल्या. त्यामुळे पाटे, बुश, क्रॉस, ब्रेकचे रबर असे झिजणारे भाग बाजारातून नाहीसे झाले नाहीत. क्रॉस म्हणजे गिअरपेटीकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या टोकांना असलेला चार बाहूंचा सांधा, जो खड्ड्यांत दांड्याला कोनात वळू देतो. लेथ चालवणारा कारागीर, वेल्डर आणि फिटर असे तिघे जवळपास असले की तालुक्याच्या गावीही जीपचा बहुतेक आजार बरा होऊ शकतो. आजच्या संगणकनियंत्रित गाडीबद्दल असे म्हणता येत नाही.

सर्वांत मोठे परिवर्तन इंजिनाचे झाले. सीजे-थ्री-बीमध्ये सुमारे २.२ लिटरचे हरिकेन हे पेट्रोल इंजिन होते. त्यात हवा-इंधन आत घेणाऱ्या झडपा वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खालच्या ब्लॉकमध्ये असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि म्हणून या जीपचे बॉनेट उंच दिसते. इंजिन चिवट खरे, पण पेट्रोल भरपूर पिणारे. महिंद्रने प्रथम इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनावर आधारलेले डिझेल इंजिन आणि १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार होणारे २,११२ घनसेंटिमीटरचे इंजिन आणले, तेव्हा जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा सर्वत्र पडली. मूळ रूपाचे अभिमानी संग्राहक या बदलाकडे विटंबना म्हणून पाहतात. परंतु ज्या मुलखात पेट्रोलपंप दूरदूर होते आणि शेतात आधीपासून डिझेलचा ट्रॅक्टर व पंप चालत होता, तेथे हे इंजिन बदलले नसते तर ती जीप केव्हाच भंगारात गेली असती. म्हणून अशा गाडीत डिझेल इंजिन आढळणे हा तिच्या इतिहासातील दोष मानण्याऐवजी त्या इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा मानणे अधिक न्याय्य आहे.

रोजच्या वापरासाठी जीप पुन्हा उभी करताना काय जपावे आणि काय बदलावे, याचा विवेक गाडीच्या तळाशी सर्वांत स्पष्ट दिसतो. युद्धकालीन जीपच्या पत्र्याच्या फरशीखाली मजबुतीसाठी टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या होत्या आणि त्यांत लाकडाच्या फळ्या बसवलेल्या असत. हे लाकूड पाणी धरून ठेवते, पत्रा आतून गंजतो, आणि वरचा रंग शाबूत दिसत असतानाच चालकाच्या पायाखालची फरशी कुजते. प्रदर्शनासाठी गाडी घडवणारा तेथे पुन्हा लाकूडच बसवील. ज्या प्रदेशात वर्षाला हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि गाडी चिखलातून जाते, तेथे ती पट्टी मोकळी ठेवून पाणी निचरण्यासाठी तिला छिद्रे पाडणे हेच शहाणपणाचे. हातब्रेकचेही असेच. या जीपमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर असतो. पेटीचे तेलसील झिजले की तेल ब्रेकच्या अस्तरावर पसरते आणि उतारावर उभी केलेली गाडी धरत नाही. कितीही नवे अस्तर लावले तरी आधी सील बदलल्याखेरीज हा दोष जात नाही. पायाच्या ब्रेकला एकच नळीमार्ग असल्याने एक रबरी नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून नळ्या आणि चाकांजवळचे सिलिंडर, चांगले दिसत असले तरी, नवेच घालावे लागतात. पुढची चाके ज्या खुंट्यांवर वळतात त्या किंगपिनांचे बेअरिंग सैल झाले की ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. जुनी सहा व्होल्टची वीजयोजना बारा व्होल्टची केली की रात्री रस्त्यावर बसलेली गुरे वेळेवर दिसतात. पाण्यात उतरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा काढून ठेवण्याची जुनी सवय पेट्रोल जीपला आजही उपयोगी पडते, कारण फिरता पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर आणि प्लग भिजवतो आणि गाडी नाल्याच्या मध्येच बंद पडते.

इंधनही बदलले आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पूर्वीचे शिसे झडपांच्या बैठकींना झिजण्यापासून वाचवीत असे, त्यामुळे जुने हेड उघडले की कठीण धातूच्या बैठकी बसवणे इष्ट ठरते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने कार्बोरेटर आणि इंधनपंपातील जुने रबर फुगते किंवा चिरते, आणि तेही इथेनॉल सोसणाऱ्या रबराने बदलावे लागते.

कायद्याने मात्र जतन आणि वापर यांच्यात एक रेघ ओढली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नोंदणी दहा वर्षे टिकते. या वर्गात येण्यासाठी वाहनात मोठे फेरफार झालेले नसावेत आणि ते नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांनाच मुभा आहे. डिझेल इंजिन घातलेली, फरशी बदललेली, बाजाराला आणि दवाखान्याला जाणारी वनजिल्ह्यातली जीप या व्याख्येत दोन्ही बाजूंनी बसत नाही. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवली जात नाही आणि त्यांची रवानगी मोडीत काढणाऱ्या केंद्रांकडे होते. म्हणजे निर्लेखन, लिलाव आणि दुसरे आयुष्य ही जी साखळी अर्धशतकाहून अधिक काळ या भागाला जुन्या जीपगाड्या पुरवीत होती तिची मधली कडीच निखळली आहे. जी वाहने खासगी हातांत आहेत त्यांना सामान्य नोंदणीचाच मार्ग उरतो : पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, आणि इंजिन बदललेले असल्यास त्याची मंजुरी घेऊन नोंदणीपुस्तकात केलेली नोंद. गडचिरोलीच्या एमएच ३३ आणि चंद्रपूरच्या एमएच ३४ या मालिकांतील जुन्या जीपची पुनर्नोंदणीपूर्वी तपासणी होते, आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग व धूर यांत ती उतरली तर तिला आणखी पाच वर्षे रस्त्यावर धावण्याचा अधिकार मिळतो.