स्वतःच्या परिशिष्टातली सूत्रे

रिसोडला बहिणीकडे गेलो होतो. आठवीतला भाचा वही घेऊन आला. "मामू, ३५ चा वर्ग बघा." ३ ला पुढच्या ४ ने गुणले, १२, शेजारी २५ लिहिले. १२२५. मी शाबासकी दिली. तो म्हणाला, "हे वेदांत लिहिलेलं आहे."

गणित बरोबर होते. हे दुसरे वाक्य कुठून आले हे शोधताना मात्र लखनौला जावे लागते.

पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ (१८८४-१९६०) गणिताचे जाणकार होते. शृंगेरीजवळच्या अरण्यातल्या तपश्चर्येतून अथर्ववेदातली सोळा सूत्रे आपल्याला उलगडली, असे ते सांगत. १९५० साली लखनौत गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल त्यांना भेटले. अथर्ववेदाच्या परिशिष्टांची छापील प्रत त्यांनी सोबत नेली होती. सूत्रे यात कुठे आहेत, त्यांनी विचारले. उत्तर आले: या प्रतीत नाहीत, माझ्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत. पुस्तक १९६५ मध्ये, स्वामींच्या निधनानंतर निघाले. संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही प्रस्तावनेत या ग्रंथालाच एक नवे परिशिष्ट मानावे असे सुचवले. म्हणजे सूत्रे स्वामींचीच. त्यात कमीपणा तो काय? पण माणसाच्या हुशारीपेक्षा साक्षात्काराला भाव जास्त.

आपल्यापैकी जे हे वाचून गालात हसत असतील, त्यांनी जरा थांबावे. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर कुरआनातल्या १९ च्या आकड्याची करामत मी स्वतः ऐकली आहे. ती रशाद खलिफाची. मूळचा इजिप्तचा, अमेरिकेत स्थायिक झालेला हा जीवरसायनशास्त्रज्ञ. १९७४ मध्ये त्याने संगणकावर अक्षरे मोजून कुरआनची सगळी रचना १९ वर बेतलेली असल्याचे जाहीर केले. विज्ञानाने दीन सिद्ध झाला म्हणून पुष्कळ मुसलमान हरखले. पुढे सूरह तौबाच्या शेवटच्या दोन आयती हिशेबात बसेनात. मग त्याने हिशेब सोडला नाही, आयतीच नंतर घुसडलेल्या ठरवल्या! स्वतःला रसूलही म्हणवून घेतले. तेव्हा कुठे लोक दूर झाले. आकडा मात्र मशिदीबाहेर अजून फिरतोच आहे.

नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने अंकगणितावर लिहिले, तेव्हा ही रीत हिंदच्या लोकांची आहे हे त्याने लपवले नाही. इल्हामचा आधारही घेतला नाही. रीत समोर मांडली, ज्याने त्याने करून बघावी.

भाच्याला मी एकच ओळ लिहून दिली: (१०अ + ५)² = १००अ(अ + १) + २५. त्याने कंस सोडवला, ४५ आणि ६५ घालून पाहिले. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसला. "मामू, मग ३७ ला का नाही जमत?"