ओव्हरस्टिअर आणि घाटातील मोटार-नियंत्रण

वळणावर मागच्या चाकांची पकड पुढच्या चाकांआधी सुटून गाडीचा मागचा भाग वळणाबाहेर फेकला जाणे, म्हणजे ओव्हरस्टिअर. जव्हार-मोखाडा-त्र्यंबक रस्त्यावरील तोरंगण घाटासारख्या ठिकाणी पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो, कारण डांबरावर वाहून आलेला चिखल, उतार आणि पुढचे न दिसणारे वळण एकत्र येतात. उतारावर गाडीचे वजन आधीच पुढे झुकलेले असते. त्यात वळणातच ॲक्सिलरेटर झटकन सोडला की मागची चाके हलकी होऊन घसरतात. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या मोटारीही याला अपवाद नाहीत. शिवाय त्याच वळणावर वेग ताशी 40 वरून 60 किमी नेला, तर लागणारी पकड सव्वादोन पट होते.

मागचा भाग ज्या बाजूला घसरेल त्या बाजूला स्टिअरिंग चटकन वळवावे, नजर जायच्या दिशेला ठेवावी आणि गाडी सावरताच स्टिअरिंग सरळ करावे. उशीर झाला तर ती उलट बाजूला झटका देते. हे हातात मुरते ते बंद ट्रॅकवरच, उदाहरणार्थ चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर. खरी परिस्थिती घाटातच मिळते, हे म्हणणे खरे. पण ट्रॅकवर चुकीला मोकळी जागा असते, घाटात एकीकडे दरी आणि समोरून एसटी. इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते, हेही खरे. मात्र रस्त्यावर नसलेली पकड ती आणू शकत नाही. म्हणून घाटात वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच उतरवावा.